दुखणं थांबलं की मुलं परत येत नाहीत, तेव्हा काय करायचं?

प्रश्न एका तरुण बालदंततज्ज्ञाचा आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना, आसपासच्या खेड्यांतून पेशंट. दुखत असेपर्यंत पालक सगळ्या तारखा पाळतात. रूट कॅनाल झाला, स्टीलची कॅप बसली की गायब. सहा महिन्यांनी मेसेज जातो, रिसेप्शनवरून फोन जातो, पालक "हो हो, येतो" म्हणतात आणि येत नाहीत. मग दीड-दोन वर्षांनी दुसरीच दाढ सुजवून दारात उभे. मेसेजची जास्त चांगली यंत्रणा आणावी का, आणि पुढच्या भेटीसाठी आगाऊ रक्कम घेतली तर फरक पडेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मेसेजचं आधी उरकून टाकते. मोबाइलवर आठवण केली तर काहीच न करण्यापेक्षा हजेरी सुधारते. यावर बरंच संशोधन झालं आहे आणि साधा मेसेज जवळपास फोनइतकंच काम करतो असं त्यात दिसतं. तेव्हा तो बंद करू नका. पण मेसेज उपयोगी पडतो तो ज्याला यायचंय पण तारीख डोक्यातून गेली त्याला. तुमचे पालक काही विसरलेले नाहीत. त्यांच्या लेखी उपचार संपलाय, आणि फोनवर "येतो" म्हणतात ते तुमचा मान राखायला. अशा माणसाला एकाऐवजी चार मेसेज गेले तर तो नंबर ब्लॉक करील, येणार नाही. पुढची भेट ठरते ती मूल अजून खुर्चीत असताना, दुखणं ताजं असताना. त्या दिवशी काय बोललं जातं यावर ऐंशी टक्के खेळ आहे असं मी म्हणते. हा आकडा अंदाजाने, पण अनुभवाने.

"सहा महिन्यांनी दाखवायला या" हे वाक्य आपण सगळे दिवसातून दहादा बोलतो. आईच्या जागी बसून ऐका. दाखवायचं काय? दुखत नाही, सूज नाही, पोरगं ऊस खातंय. त्या भेटीसाठी तिला एक दिवसाची मजुरी बुडवायची आहे, धाकट्याला कुणाकडे तरी ठेवायचं आहे, एसटी पकडायची आहे. एवढं करून डॉक्टर तोंडात आरसा घालून "छान आहे" म्हणणार आणि तपासणीचे पैसे घेणार. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते. म्हणून प्रत्येक पुढच्या भेटीला एक काम हवं, नाव असलेलं, आईला घरी जाऊन सासूला एका वाक्यात सांगता येईल असं. ते काम कार्डावर तारखेच्या शेजारी लिहा. "तपासणी" असं लिहू नका, "नवीन दाढेच्या खाचा भरणे" असं लिहा.

पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये हे काम आयतंच मिळतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बहुतेक पालक तिला दुधाचीच धरून चालतात. खाचा खोल, कित्येक महिने अर्धी हिरडीखाली, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. आठव्या-नवव्या वर्षी आपल्याकडे किडून येणारी दाढ बहुधा हीच.

मी काय करते ते सांगते. उपचार संपला की आईला हात धुवायला लावते आणि तिचंच बोट मुलाच्या तोंडात शेवटच्या दाढेच्या मागे ठेवायला सांगते. तिथे गुळगुळीत, जराशी टणक हिरडी लागते. "इथं एक नवीन दाढ यायची आहे. ही पडायची नाही, म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे. महिन्यातून एकदा मोबाइलच्या बॅटरीत इथं बघायचं. पांढरा ठिपका दिसला की मला फोन. दाढ पुरेशी वर आली की तिच्या खाचा भरून टाकू. सुई नाही, मशीन नाही." एवढंच. आता ती भेट तारखेवर राहिली नाही, आईच्या नजरेवर आली. यातल्या कितीतरी बायका स्वतःहून फोन करतात, फोटो पाठवतात, आणि फोटोत कधी कधी भलताच दात असतो. तरी हरकत नाही, बोलावते. ठिपका कुणाला दिसलाच नाही तर आपली ठरलेली तारीख आहेच.

स्पेस मेंटेनर लावला असेल तर काम आणखी सरळ आहे, पण आपण ते नीट सांगत नाही. दाढ अकाली काढावी लागली, जागा राखायला रिंग आणि तारेचा फासा बसवला, आणि पालकांना वाटतं की हा कायमचा बंदोबस्त झाला. सिमेंट हळूहळू विरघळतं, रिंग सैल होते, तिच्याखाली अन्न अडकून शेजारची चांगली दाढ किडते. कधी तार हिरडीत रुतते. आणि खालून कायमचा दात वर यायला लागला की तो मेंटेनर काढावाच लागतो, नाहीतर राखलेल्या जागेत तोच आडवा येतो. हे तीन धोके पालकांना सांगायला दोन मिनिटं लागतात. मी सांगते, "ही वस्तू तुमच्या मुलाच्या तोंडात आहे, पण जबाबदारी माझी आहे. ती मी काढेपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी मला दिसली पाहिजे." आणि तिच्या किमतीतच पुढच्या सगळ्या तपासण्या आणि शेवटी काढण्याची फी धरते. पैसे आधीच दिलेत म्हटल्यावर माणूस वसूल करायला तरी येतो.

दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल केलं असेल तर पालकांना एक्स-रे दाखवून सांगा की मुळाजवळचा हा काळा भाग सहा महिन्यांनी भरून आलेला दिसला पाहिजे, तो बघायचा आहे. आजचा एक्स-रे त्यांच्या मोबाइलमध्ये द्या. पुढच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून बघू असं म्हटलं की वडील मंडळींना विशेषतः रस वाटतो. हिरडीवर पुळी आली तर दुखत नसली तरी त्याच आठवड्यात यायचं, हेही याच वेळी सांगून ठेवा. कीड थांबवायला चांदीचं द्रावण, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं असेल, तर दात काळा पडणार हे आपण लावण्याआधीच सांगतो. पण वर्षातून एकदा लावण्यापेक्षा दोनदा लावलं तर कीड जास्त खात्रीने थांबते, हे सांगायचं राहून जातं. परिणामी पालक काळा दात घेऊन गप्प बसतात किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन "हे काय करून ठेवलंय" म्हणून दाखवतात.

सगळ्यात जास्त गळती कुठल्या मुलांत होते ते बघा. पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं तोंड दुरुस्त केलेली मुलं. मोठा खर्च झालेला, सगळं घर घाबरून गेलेलं, आणि एका सकाळीत आठ-दहा दात ठीक. पालकांच्या मनात प्रकरण तिथेच मिटतं. पण ज्या घरात तीन वर्षांच्या मुलाचे दहा दात किडले, त्या घरातलं रात्रीचं दुधाचं बाटलीपुराण आणि दुपारचे पाच रुपयांचे पुडे दुसऱ्या दिवशी बदलत नाहीत. अशा मुलांत कीड परतण्याचं प्रमाण मोठं असतं, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. या मुलांची पहिली भेट आठवडा-दोन आठवड्यांच्या आत ठेवा, भूल दिली त्याच दिवशी तारीख देऊन. नुसती बोलायची भेट. पुढच्या दर तीन महिन्यांनी. पहिली भेट चुकली तर बाकीच्या चुकणार हे धरून चाला.

याच ओघात, सगळ्यांना सरसकट सहा महिने देणं बंद करा. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेची 2004 पासूनची मार्गदर्शक सूचना अठरा वर्षांखालच्यांसाठी तीन ते बारा महिने असं अंतर ठेवते, धोका किती आहे ते पाहून. ज्या मुलाला एकच छोटी फिलिंग लागली, घरात दोन वेळा ब्रश होतो, त्याच्या आईला मोकळेपणाने सांगा, "तुमचं चांगलं चाललंय, आता वर्षाने या." तिचा विश्वास बसतो की हा डॉक्टर उगाच बोलवत नाही. आणि शेजारणीला तुम्ही तीन महिने सांगितलेत तर त्या तीन महिन्यांना वजन येतं. तुमचीही निम्मी फोनाफोनी वाचेल.

आता तारीख. सहा महिन्यांनी म्हणजे नेमकं कधी, हे संगणकाला कळतं, गावाला नाही. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड भागात दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघून जातात, ती उन्हाळ्यात परततात. मे महिन्यात कॅप बसवलेल्या मुलाला नोव्हेंबरची तारीख देणं म्हणजे त्याला बोलावलंच नाही. त्याला गणपतीनंतर, कोयते निघायच्या आत बोलवा, मग पुढचं थेट अक्षय्य तृतीयेनंतर. फड कुठल्या कारखान्याचा आहे ते विचारून ठेवा. दाढ सुजली तर तिथल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायला एक चिठ्ठी आणि एक्स-रेचा फोटो सोबत द्या. बाकी शेतकरी घरांत जून-जुलैच्या पेरणीत आणि सोयाबीनच्या काढणीत कुणी फिरकत नाही. नोकरदार घरांत सत्र परीक्षा आणि मार्च-एप्रिल वर्ज्य. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हे दोनच काळ सगळ्यांना जमतात, म्हणून तेव्हा नवीन मोठी कामं कमी घ्या आणि फॉलो-अप भरपूर बसवा. बहुतेक दवाखान्यांत उलट चालतं.

आठवडी बाजाराचा दिवस विसरू नका. त्या दिवशी गावातून माणूस तसाही येतो, वेगळी मजुरी बुडत नाही. मी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक फक्त जुन्या मुलांना बघायचं ठेवलं आहे, नंबर न लावता. एसटीचं वेळापत्रक रिसेप्शनच्या भिंतीवर लावा आणि वेळ देताना त्यात बघून द्या. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं होतंच, त्यामुळे आई एकटी मुलाला घेऊन येण्याचं प्रमाण वाढलंय असं माझं निरीक्षण आहे. वडिलांच्या सुट्टीवर सगळं अडून राहणं थोडं कमी झालं.

यावरून नंबरचा मुद्दा. केसपेपरवर मोबाइल कुणाचा आहे? दहापैकी सात वेळा वडिलांचा, कारण पैसे ते भरतात. वडील दिवसभर कामावर, तुमचा मेसेज बँकेच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत कुठेतरी पडलेला. मुलाला प्रत्यक्ष घेऊन येते आई किंवा आजी, आणि तिला त्याचा पत्ताच नसतो. पहिल्याच दिवशी विचारा, "याला दवाखान्यात कोण आणतं?" त्या व्यक्तीचा नंबर घ्या. शेजारणीचा, मामाचा, कुणाचाही दुसरा एक नंबर घ्या, कारण सिमकार्डं बदलतात. आणि लिहिलेल्या मेसेजपेक्षा व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात तीस सेकंद बोला: "ताई, नमस्कार. सईची मागची दाढ आता अर्धी वर आली असेल. सोमवारी बाजाराला येताना तिला घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे. तो सोमवार जमत नसेल तर पुढचा सांगा." हा आवाज घरात सगळ्यांनी ऐकला जातो, मुलीनेही. आणि शेवटी पर्याय दिलेला असल्यामुळे "नाही जमणार" म्हणायला संकोच वाटत नाही. एक आठवडा आधी आणि आदल्या दिवशी, दोनदा पुरे.

ती आल्यावर काय होतं, यावर तिसरी भेट ठरते. दीड तास थांबून दोन मिनिटं तपासणी झाली तर पुन्हा येणार नाही, साधी गोष्ट आहे. पण त्याहून जास्त नुकसान आपली जीभ करते. "परत चॉकलेट खाल्लं ना? काय सांगितलं होतं मी?" मुलासमोर आणि बाकीच्या पेशंटसमोर आईला असं बोललं की ती मान खाली घालून ऐकून घेते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. पुष्कळ घरं ब्रश नीट झाला नाही म्हणूनच येत नाहीत. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं त्यांना. उशिरा आलेल्याला पहिलं वाक्य "बरं झालं आलात" हेच. दोन वर्षांनी आलेल्यालाही. कारण विचारायचं असेल तर नंतर, शांतपणे, आणि ते लिहून ठेवायला.

मुलाला दिलेला शब्द पाळा. "आज सुई नाही" म्हणून बोलावलं असेल तर नवीन कीड दिसली तरी त्या दिवशी सुई नाही, दुखत नसेल तर पुढची तारीख द्या. माझे काही सहकारी याला विरोध करतात. एवढ्या लांबून आलंय, एकदाच उरकून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. खेड्यातून येणाऱ्यांच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सूज असेल तर प्रश्नच नाही. पण चार वर्षांचं पोर फसवणूक लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी रिक्षातूनच उतरत नाही. त्याला ओढून आणायची ताकद दमलेल्या आईत नसते. मध्यम मार्ग म्हणून मी हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमरची तात्पुरती भरती करते, किंवा चांदीचं द्रावण लावते. सुई लागत नाही, दोन महिने मिळतात. भेटीचा शेवट नेहमी फ्लोराइड वार्निशने करा. ब्रशने रंगवल्यासारखं लागतं, काही तास कडक खाणं टाळायचं एवढंच पथ्य, आणि मुलाच्या मनात शेवटची आठवण न दुखणारी राहते.

भावंडांना एकत्र बोलवा. एकाच्या तारखेला दुसऱ्याचंही तोंड बघून द्या, त्याची वेगळी फी लावू नका. एका घरातून दोन कारणं निघाली की एक फेरी नक्की होते.

सरकारी यंत्रणेचा उपयोग खाजगीवाले करत नाहीत, याचं मला नवल वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्यांना एकदा तपासतात, आणि त्यांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. तुमच्या भागातल्या पथकाच्या डॉक्टरांशी ओळख करून घ्या. पालकांची परवानगी घेऊन गाव आणि मुलाचं नाव कळवलं तर तपासणीच्या दिवशी ते "मेंटेनर सैल झालाय का" एवढं नक्की बघतील. आशाताईंचंही तसंच. फक्त शाळेत वर्गासमोर नावं पुकारली जाणार नाहीत याची काळजी घ्या, मुलं एकमेकांना काळे दात, लोखंडी दात म्हणून चिडवतात.

वही ठेवा. किती मेसेज गेले ते मोजून काही कळत नाही. या महिन्यात कोण यायला हवं होतं, त्यातलं कोण महिनाभराच्या आत आलं, कोण नाही, एवढे तीन रकाने. चौथ्यात न येण्याचं कारण त्यांच्याच शब्दांत. सहा महिन्यांनी वही उघडली की दिसेल की अमुक तीन गावांतून कुणीच येत नाही, किंवा शनिवारच्या तारखा सगळ्या फुकट जातात, किंवा जावयाच्या दवाखान्यात जायला लागलेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आगाऊ रकमेबद्दल तुम्ही विचारलंत. माझं मत, घेऊ नका. ज्याच्याकडे पैसे आहेत तो रक्कम सोडून देतो, ज्याच्याकडे नाहीत तो उपचारालाच येत नाही. आणि तारीख चुकलेला माणूस "आता पैसे बुडालेच" म्हणून कायमचा जातो. मेंटेनरसारख्या वस्तूत पुढच्या भेटी किमतीत धरणं वेगळं, ते उघड सांगून करतो आपण.

शेवटचं, सगळे न येणारे सारखे नसतात. फिलिंगवालं मूल वर्षभर आलं नाही तर मी एक फोन करून सोडून देते. पण काही नावं मी वहीत लाल शाईने लिहिते. पडून समोरचा कायमचा दात पूर्ण बाहेर आलेला आणि परत बसवलेला मुलगा: तारेची पट्टी दोन आठवड्यांत काढायची असते, मग चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि पुढे किमान पाच वर्षं दरवर्षी बघायचं असतं, कारण मूळ आतल्या आत झिजत जातं आणि दुखत नाही. मेंटेनर असलेली मुलं. हृदयाचा आजार असलेली मुलं, ज्यांना तोंडातला जंतुसंसर्ग महागात पडू शकतो. यांची तारीख चुकली की रिसेप्शनने फोन करायचा नाही, मी स्वतः करते, त्याच संध्याकाळी. नंबर लागला नाही तर दुसरा, तोही लागला नाही तर पालकांनी आधी दिलेल्या संमतीने आशाताईंमार्फत निरोप. प्रत्येक प्रयत्न फाईलमध्ये तारखेसह लिहायचा. पट्टी काढायला उशीर झाला तर काय होऊ शकतं, हे फोनवर घाबरवून सांगायचं नाही. "पट्टी काढायची राहिली आहे, उद्या सकाळी नऊला मी आहे, नंबर लावायची गरज नाही" एवढं म्हटलं की बहुतेक येतात.